चौथा टाकतो कोण?

पेनिएलू मोटरसायकली दातांनी तपासायचा. थट्टा नाही, खरंच. बावीस वर्षं परदेशी जहाजांच्या इंजिनखोलीत घालवल्यावर त्याचे कान कामातून गेले होते. समोर उभं राहून सावकाश बोललं की तो ओठ बघून समजून घ्यायचा, पण गियरबॉक्सच्या पोटात काय कुरकुरतंय ते त्या कानांना कुठलं कळायला! म्हणून त्याने वीतभर लांबीची एक लाकडी काठी ठेवली होती. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. हाडांतून आवाज वर चढतो म्हणे. बेअरिंग गेलंय की गियरचा दात झिजलाय ते तो त्या काठीवरून सांगायचा आणि इंजिन खोललं की नेमकं तेच निघायचं. "पेनिएलू आज कोणाची गाडी खातोय?" असं बायका टाकीवर पाणी भरताना एकमेकींना विचारायच्या.

माणूस कामाला चोख, त्यात वाद नाही. पण त्याला एक खोड होती. "माझ्या हातून गेलेली गाडी परत माझ्या दारात येत नाही," हे वाक्य तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. गिऱ्हाइकाला ऐकवायचा, पाहुण्याला ऐकवायचा, एकदा तर मयताला गेला होता तिथेही ऐकवलंन. अभिमान असावा माणसाला, कोण नाही म्हणतो? पण तो इतक्यांदा बोलून दाखवला की माणूस त्याच्याशी बांधला जातो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आता आमच्या फुनाफुती बेटाची गोष्ट अशी की इथे चौथा गियर कुणाला लागतच नाही. बेट लांब आहे, पण रुंदीला काही ठिकाणी इतकं कमी, की रस्त्यावर उभं राहून डाव्या हाताने एक दगड खाडीत आणि उजव्या हाताने एक समुद्रात टाकता येतो. त्या एवढ्याशा रस्त्यावर डुकरं, कोंबड्या, पोरं, चटया वाळत घालणाऱ्या म्हाताऱ्या. गाडी तिसऱ्यात येते न येते तोच कोणीतरी ओळखीचा हात करतो आणि थांबून दोन शब्द बोलावे लागतात. न बोलता गेलात तर संध्याकाळपर्यंत तुम्ही शिष्ट ठरलात. मग चौथा टाकतो कोण?

गाड्या झिजतात त्या दुसऱ्या गियरमध्ये. गियरबॉक्सच्या आत गियर इकडून तिकडे सरकवणारा दोन बोटांचा एक फोर्क असतो. एका अंगाने ढकलला की दुसरा गियर लागतो, उलट अंगाने ढकलला की चौथा. दुसऱ्याकडचं अंग घासून घासून पातळ होतं आणि मग दुसरा गियर टिकत नाही, चालता चालता सुटतो. नवा फोर्क मागवावा तर जहाजाने यायला दोन-दोन महिने. चौथ्याकडचं अंग मात्र कोरं करकरीत. तेव्हा आमचे मेकॅनिक काय करतात, तर फोर्क उलटा करून बसवतात. कोरं अंग दुसऱ्याकडे, झिजलेलं चौथ्याकडे. ह्या बारक्या गाड्यांत फोर्क दोन्हीकडून सारखाच असतो, त्यामुळे बसतोही बेमालूम. गाडी आणखी पाच वर्षं बिनतक्रार पळते. पेनिएलूने असे शंभरावर फोर्क उलटवले असतील. कोणाला सांगायचीसुद्धा गरज पडली नाही.

अख्ख्या बेटावर चौथा टाकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे साकालिया.

साकालिया विमानतळावर कामाला होता. आमची धावपट्टी म्हणजे बेटाचं अंगण. विमान नसेल तेव्हा तिच्यावर व्हॉलीबॉल चालतो, कुत्री लोळतात, माणसं गप्पा मारत आडवी होतात. विमान यायचं असलं की अग्निशमनवाले भोंगा वाजवतात. पहिल्या भोंग्याला माणसं चटया गुंडाळून उठतात आणि साकालिया मोटरसायकलवरून एक सावकाश फेरी मारून रेंगाळणाऱ्यांना हाकलतो. दुसऱ्या भोंग्याला विमान अगदी जवळ आलेलं असतं. तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट शेवटची फेरी मारतो. तेवढ्या मैलभरात त्याला चौथा लागतो, आणि तो टाकला की काटा ऐंशीवर.

शनिवारी साकालियाने गाडी आणून लावली. दुसरा सुटत होता. पेनिएलूने दुपारी इंजिन उतरवलं, गियरबॉक्स खोलला, सगळं रॉकेलमध्ये धुतलं आणि संध्याकाळी गाडी तयार. चर्चपासून बंदरापर्यंत स्वतः चालवून पाहिली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे झकास. साकालिया खुशीत गाडी घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन परत दारात उभा.

शेडमध्ये म्हातारा तिनिलाऊ आपल्या गाडीचं पंक्चर काढून घ्यायला बसला होता. तोंडाचा भारी तिखट माणूस. त्याने साकालियाला पाहिलं, मग पेनिएलूला पाहिलं, आणि पेनिएलूला ओठ नीट दिसतील असं बघून म्हणाला, "पेनिएलूच्या दारात गाडी परत आली. कोणीतरी तारीख लिहून ठेवा रे."

पेनिएलूचा चेहरा उतरला.

"काका, रागावू नकोस," साकालिया त्याच्यासमोर येऊन म्हणाला. "माझ्याच पायाचं काहीतरी चुकत असेल. पण मंगळवारी शेवटच्या फेरीला चौथा सुटला. इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडीला ओढच नाही. कशीबशी सावरली. सेलुमा म्हणाली, काकाला दाखव."

"बायको म्हणाली म्हणून आलास होय. तुला स्वतःला काही वाटलं नाही?"

"मला काय कळतं त्यातलं?"

पेनिएलू खाली बसला. गियरचा खटका हलवून पाहिला. त्याचा बोल्ट ढिला असता तर बरं झालं असतं, पण तो घट्ट होता. चेन दोन बोटं ढिली, म्हणजे बरोबर. क्लच पाहिला, ऑइल पाहिलं, बोटावर घेऊन चोळलं. लोखंडाचा चुरा नाही. एकेक वस्तू निर्दोष निघत चालली तसतसा त्याच्या मानेवर घाम येत गेला. दुसऱ्या कुणाच्या गाडीत इतकं सगळं ठीक निघालं असतं तर तो हसला असता.

मग त्याने गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी ठेवून चौथा टाकला, काठी इंजिनावर टेकवली आणि दातांत धरली. आवाज स्वच्छ. पण स्टँडवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. चाकावर ओझं नसेल तर गियर कशाला सुटेल? हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

आणि डोळे मिटलेले असताना त्याला शनिवारची दुपार दिसली. धुतलेला फोर्क हातात. अंगठा त्याच्या पातळ अंगावरून फिरला. आणि हातांनी, विचारायला न थांबता, तो उलटा करून बसवला. शंभर वेळा केलेलं काम. गाडी कोणाची आहे हे हातांना कोण सांगणार?

काठी तोंडात होती म्हणून बरं, नाहीतर त्याच क्षणी तोंडून काहीतरी निघून गेलं असतं. तेच निघायला हवं होतं खरं तर. चौथा सुटला की काय होतं ते त्याला पाठ होतं. इंजिन बोंबलतं, चालवणारा दचकतो, टाच मारून खालचा गियर शोधतो. एकदा मारली तर तिसरा. घाबरून दोनदा मारली तर दुसरा. ऐंशीच्या वेगात दुसरा लागला की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि माणूस गाडीसकट डांबरावर घासत जातो. मंगळवारी साकालियाने टाच मारली नव्हती, म्हणून तो आज इथे उभा होता.

साकालियाने त्याच्या खांद्याला हात लावला. "भोंग्याला अजून अर्धा तास आहे. धावपट्टीवर चल ना. तूच बस, चौथा टाकून बघ."

पेनिएलूने काठी तोंडातून काढली. साकालियाच्या मागे तिनिलाऊ मान पुढे काढून बघत होता. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की पेनिएलूचं डोकंच फिरलं.

"काय बघायचंय?" तो म्हणाला. "गाडीला धाड भरलेली नाही. त्या बुटात तुझा पाय खटक्यावर नीट बसत नाही. अर्धवट दाबतोस, गियर अर्धवट लागतो, मग सुटणार नाही तर काय? पाय पूर्ण दाबत जा."

"तेच मी सेलुमाला सांगत होतो," साकालिया म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं. पेनिएलूने उगाच पाना घेऊन घट्टच असलेला बोल्ट आणखी थोडा आवळला. साकालियाने किक मारली आणि तो गेला.

तिनिलाऊ हिरमुसला. "म्हणजे पाय परत आला होता. गाडी नाही."

"ट्यूब दे इकडे," पेनिएलू म्हणाला.

त्याने पंक्चर काढायला घेतलं खरं, पण दोनदा ठिगळ वाकडं बसलं. मनाची समजूत घालणं चाललं होतं. मंगळवारी एकदाच तर सुटला, आज सुटेलच असं नाही. संध्याकाळी साकालियाच्या घरी जायचं, म्हणायचं ऑइल बदलून देतो, गाडी आणायची, गुपचूप खोलायची, जुन्या भंगारातल्या इंजिनातला बरा फोर्क काढून घालायचा. कोणाला काही कळायचं नाही. बेत झकास होता. त्यात फक्त आजची एक फेरी आडवी येत होती.

बाहेर माणसं चटया काखेला मारून धावपट्टीकडून घरांकडे येताना दिसली. एका बाईने कुत्र्याला मानगुटीला धरून ओढत आणलं.

"भोंगा झाला?" त्याने विचारलं.

"केव्हाच," तिनिलाऊ म्हणाला. "दुसरा आता होईल."

पेनिएलू ट्यूब तिथेच टाकून उठला आणि पळत सुटला. अनवाणीच. तिनिलाऊ मागून काहीतरी ओरडला असणार. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दम लागतो, पण तो घरांच्या मधून, दोऱ्यांवरच्या कपड्यांखालून वाकून, डुकरांच्या कुंपणावरून पाय टाकून पळाला. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. साकालियाने चौथा टाकायच्या आत त्याला गाठायचं.

तो धावपट्टीवर पोचला तेव्हा ती मोकळी झाली होती. साकालिया उत्तरेच्या टोकाला गाडी वळवत होता. म्हणजे दुसरा भोंगा झाला होता आणि शेवटची फेरी आता निघणार होती. पेनिएलू सरळ मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर हलवू लागला.

इथे त्याची चूक झाली, आणि ती फक्त त्याच्याकडूनच होऊ शकत होती. सगळ्या बेटाला ठाऊक होतं की पेनिएलूला भोंगा ऐकू येत नाही. पूर्वीही दोनदा तो विमानाच्या वेळी धावपट्टी ओलांडताना सापडला होता आणि दोन्ही वेळा साकालियानेच त्याला गाडीवर मागे बसवून बाहेर नेलं होतं. आता आकाशात विमान दिसत होतं आणि बहिरा म्हातारा धावपट्टीच्या मध्यावर हात हलवत उभा. कोणालाही काय वाटेल? अग्निशमनवाले ओरडत असणार. आणि साकालियाने, थांबायचं सोडून, त्याला उचलायला गाडी हाणली.

गाडीचा आवाज त्याला येत नव्हता. पण प्रत्येक गियरला चालवणाऱ्याचे खांदे थोडे पुढे-मागे होतात, ते त्याला दिसत होतं. पहिला गेला. दुसरा गेला, चांगला लागला, कोऱ्या अंगावर. तिसरा. पेनिएलूला कळलं की आपण इथे उभे आहोत म्हणून तो वेग वाढवतोय. तो गवताकडे धावला. आपण बाजूला झालो तर हा सावकाश होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. चार पावलं गेला असेल, मागे वळून पाहिलं, तर साकालियाचे खांदे पुन्हा हलले.

चौथा.

तो टिकला. एक क्षण टिकला, दोन क्षण टिकला, आणि पेनिएलूला वाटलं, टिकतोय, टिकणार. मग साकालियाचं अंग एकदम पुढे गेलं, ओढ तुटल्यावर जातं तसं.

"टाच मारू नको," पेनिएलू बोंबलला. "तशीच राहू दे. टाच नको."

साकालियाची टाच खाली गेली. मग दुसऱ्यांदा गेली.

मागच्या चाकातून पांढरा धूर निघाला, गाडी आडवी झाली आणि साकालिया तिच्याखाली पाय अडकलेला असा बराच लांब घासत गेला. पेनिएलू त्याच्याकडे धावला, अग्निशमनवाले दुसऱ्या बाजूने आले. उतरायला आलेलं विमान चाकं बाहेर काढलेलीच पुन्हा वर उठलं आणि खाडीवर चक्कर मारायला गेलं. चौघांनी साकालियाला उचललं, दोघांनी गाडी ओढली. इंजिनाचं कव्हर फुटून डांबरावर ऑइलची रेघ पडली होती. पेनिएलूने अंगातला शर्ट काढून ती पुसली, कारण विमानाला उतरायचं होतं आणि दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

मांडीचं हाड मोडलं होतं, दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, इथे जमणार नाही, सुवाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, ह्याच विमानाने. मागच्या सीटा पाडून स्ट्रेचर बसवतो, असं विमानवाल्यांनी कबूल केलं. तासाभराची मुदत.

तो तास पेनिएलूने विमानतळाच्या पडवीत भिंतीला टेकून काढला. आणि लोक त्याच्याशी चांगले वागले. तेच त्याला सोसवेना. अग्निशमनचा मुख्य अधिकारी समोर येऊन म्हणाला, "तुझा दोष नाही. ऐकू येत नाही त्याला तू काय करणार?" कोणीतरी त्याच्या उघड्या खांद्यावर पंचा टाकला. कोणीतरी गोड नीरा आणून हातात दिली. सेलुमा, साकालियाची बायको, कपड्यांचं गाठोडं घेऊन धावत आली आणि रडत रडत आधी त्याच्याकडेच वळली. "काका, तुम्हाला लागलं नाही ना?"

सगळ्यांच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं. बहिरा म्हातारा आडवा आला, पोराने त्याला वाचवायला जीव धोक्यात घातला. गाडी पेनिएलूच्याच शेडमध्ये नेऊन टाकली होती. ती खोलणारा बेटावर दुसरा होताच कोण? फोर्क काढायचा, खाडीत फेकायचा, की जन्मात कोणाला काही कळलं नसतं. हे त्याच्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. चांगलं दोन-तीनदा आलं. पण विमानाचे पंखे फिरायच्या आत बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःला तो ओळखून होता.

स्ट्रेचर बाहेर आणलं तेव्हा निरोप द्यायला अर्धं गाव जमलं होतं. तिनिलाऊही होता. साकालियाला इंजेक्शन दिलेलं, डोळे जड झालेले. त्याने पेनिएलूला पाहिलं आणि उचलून नेणाऱ्यांना थांबवायला हात वर केला.

"काका, तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "पाय पूर्ण दाब म्हणालास. घाईत माझ्याकडून नीट दाबला गेला नाही."

पेनिएलू त्याच्या उशाशी वाकला. हळू बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"पाय नाही चुकला. फोर्क मी उलटा बसवला होता. झिजलेलं अंग चौथ्याकडे. सगळ्यांच्या गाड्यांना करतो तसं तुझ्याही गाडीला केलं. तुला चौथा लागतो हे ध्यानातच आलं नाही."

सेलुमाने डोळे पुसायचे थांबवले.

"तुला केव्हा कळलं?" साकालियाने विचारलं.

इथे थोडक्यात निसटता आलं असतं. तू पडल्यावर कळलं, एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी त्याला माफ केलं असतं.

"सकाळीच," पेनिएलू म्हणाला. "काठी तोंडात होती तेव्हाच कळलं. परत आलेली गाडी आहे हे कबूल करायला लाज वाटली."

साकालियाने मान त्याच्याकडे वळवली आणि ओठ नीट हलवत, म्हाताऱ्याला सगळं कळावं म्हणून सावकाश, बोलला.

"मंगळवारपासून मी घरामागे गाडी बंद ठेवून गियर मारून बघत होतो. पाय उचल, पाय दाब. दोन दिवस. ही म्हणाली, गाडीतच खोट असेल. मी हिच्यावर ओरडलो. म्हटलं, मूर्ख आहेस का, काकाच्या हातची गाडी आहे."

विमानवाल्याने हात केला. चौघांनी स्ट्रेचरच्या चार दांड्या धरल्या. पेनिएलूनेही आधाराला हात पुढे केला. सेलुमाने तो बाजूला सारला आणि तिथे आपला हात लावला.